लांब केसांच्या मांजराचे हेअरबॉल: घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी जायचं

पर्शियन पिल्लू घरी येतं तेव्हा दुकानदार सोबत काय काय देतो ते आठवा. कोरड्या खाण्याची पिशवी, लिटरचा (शी-शू करायचा) ट्रे, वाळू आणि हेअरबॉलच्या, म्हणजे चाटून पोटात गेलेल्या केसांच्या गोळ्यांसाठीच्या, पेस्टची एक ट्यूब. ‘अधूनमधून केस ओकेल, घाबरू नका, ही पेस्ट चाटवा,’ एवढं सांगून तो मोकळा होतो. कंगवा त्या सामानात क्वचितच असतो. डॉल फेस (थोडं पुढे आलेलं नाक) असो की पंच फेस (एकदम चपटं तोंड), ‘ट्रिपल कोट’ (खूप दाट केसांचं) म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेलं असो की असंच कुणी दिलेलं, लांब केसांच्या मांजराला सगळ्यात जास्त गरज असते ती कंगव्याचीच.

पहिल्यांदाच असं मांजर पाळणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं सरळ आहे: हेअरबॉलचा बंदोबस्त मांजराच्या पोटात करायचा नसतो, अंगावर करायचा असतो. जो केस कंगव्यात आला तो पोटात गेला नाही. पेस्ट, इसबगोल, गवत, खास खाणं ही सगळी त्यानंतरची मदत. आणि नीट विंचरूनही मांजर वरचेवर ओकत असेल तर ‘लांब केसांचं आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका. तिथे बहुतेक वेळा केसांपलीकडचं काहीतरी असतं.

केस पोटात जातो कसा

मांजराने हात चाटला की जीभ खरखरीत लागते. तिच्यावर बारीक काटे असतात, आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच, आणि ते सगळे घशाच्या दिशेला वळलेले. त्यामुळे चाटताना सुटलेला केस मांजराला थुंकून टाकता येत नाही, तो आतच सरकतो. जागेपणातला जवळपास चौथा हिस्सा मांजर अंग चाटण्यात घालवतं. रोज किती केस गिळले जात असतील याचा अंदाज त्यावरून येईल.

अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये या काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काट्यांची टोकं पोकळ असतात आणि त्यातून लाळ केसांत खोलवर पोचवली जाते, हे त्यांनी दाखवलं. त्यातच आणखी एक गोष्ट पुढे आली आणि आपल्यासाठी तीच महत्त्वाची आहे. बहुतेक मांजरांच्या जिभेचे काटे कातडीपर्यंत पोचू शकतात, पर्शियनच्या लांब, दाट केसांत मात्र ते पोचत नाहीत. म्हणजे पर्शियन दिवसभर चाटत बसलं तरी त्याची साफसफाई पूर्ण होत नाही. हे केस माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून वाढवले आहेत. ते निगुतीने ठेवणं मांजराच्या आवाक्यात नाही, म्हणून ते आपल्याकडे येतं.

गिळलेला केस पचत नाही. बराचसा अन्नाबरोबर पुढे सरकून शीतून निघून जातो, आपल्याला कळतही नाही. थोडा जठरात मागे राहतो, एकमेकांत गुंततो आणि एक दिवस मांजर तो ओकून टाकतं. अरुंद अन्ननलिकेतून बाहेर यायचं असल्यामुळे तो गोल राहत नाही, लांबट होतो. ओला, पिवळट किंवा तपकिरी, सोबत थोडा फेस किंवा पाणी. नवख्या घरात पहिल्यांदा असा लांबट तुकडा दिसला की ‘मांजराने गालिच्यावर शी केली’ असाच समज होतो. कागदाने उचलून थोडा उकलून पाहा, आत केसच केस दिसतील.

लहान पिल्लांत हे कमी दिसतं. वय वाढतं, चाटणं वाढतं, तसं प्रमाण वाढतं. लांब केसांच्या मांजरांत आखूड केसांच्या मांजरांपेक्षा ते जास्त असतं, यात नवल नाही.

पायरी १: ओकारी की खोकला, ते आधी ओळखा

ही पायरी सगळ्यात आधी ठेवली, कारण इथे झालेली गफलत महागात पडते. मांजर ‘खॅक-खॅक’ करतंय, काहीच बाहेर येत नाही, आणि घरचे महिनोन्‌महिने पेस्ट चाटवत राहतात. प्रत्यक्षात त्याला दमा असतो.

हेअरबॉल ओकायच्या आधी मांजर अस्वस्थ होतं, ओठ चाटतं, लाळ गळते, कधी मागे मागे सरकतं. मग पोट जोरजोरात आत ओढलं जातं. हालचाल पोटाची असते, हे लक्षात ठेवा. शेवटी काहीतरी बाहेर पडतं आणि थोड्या वेळाने स्वारी वाटीपाशी हजर होते.

खोकल्यात मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे लांब काढतं, कोपरं बाहेर येतात. आवाज कोरडा, छातीतून येणारा, कधी शिट्टीसारखी घरघर. बाहेर काही पडत नाही. शेवटी आवंढा गिळल्यासारखं करतं आणि उठून जातं. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर तो हेअरबॉल नाही असंच धरून चाला. घरात रोज धूप-उदबत्ती, डासांची कॉइल किंवा सिगरेटचा धूर असेल, लिटरच्या वाळूची धूळ उडत असेल, तर ते आधी बंद करा आणि डॉक्टरांना छाती तपासायला सांगा. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल किंवा हिरड्या निळसर दिसत असतील तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

दोन्हीपैकी काय आहे हे ठरत नसेल तर फोनवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात गेल्यावर मांजर हमखास शहाण्यासारखं बसतं. तिथे तो अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

पायरी २: कंगवा

दोन वस्तू घ्या. एक धातूचा कंगवा, दातांची टोकं गोलसर असलेला, अर्ध्या भागात दात विरळ आणि अर्ध्या भागात दाट. दुसरा स्लिकर ब्रश, म्हणजे चौकोनी पट्टीवर बारीक वाकड्या तारा असलेला, आणि त्यातल्या त्यात मऊ. रबरी हातमोजा आखूड केसांना ठीक आहे. लांब केसांत तो वरवर फिरतो आणि आतला गुंता तसाच राहतो. केस गळती थांबवण्याची पातं असलेली अवजारं नवख्यांनी टाळावीत. दाबून फिरवली तर चांगले केसही तुटतात आणि कातडी लाल होते.

रोज पाच-दहा मिनिटं. रविवारी तासभर बसून आठवड्याची भरपाई होत नाही. तोवर केस पोटात गेलेले असतात आणि काखेत गाठी झालेल्या असतात.

नव्या मांजराला पहिल्याच दिवशी आडवं पाडून विंचरायला जाऊ नका. पहिले काही दिवस कंगवा नुसता त्याच्या झोपायच्या जागेशेजारी ठेवा. मग गालांवरून, हनुवटीखालून दोन-तीनदा फिरवा आणि लगेच काहीतरी आवडीचं खायला द्या. गाल आणि मान बहुतेक मांजरांना आवडतात. तिथून पाठीवर या. पोट आणि मागच्या मांड्या सगळ्यात शेवटी, आणि तेही विश्वास बसल्यावर. शेपटी आपटायला लागलं, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली की थांबा. रागावलेल्या मांजराला दाबून धरून विंचरलं तर पुढचे कितीतरी दिवस कंगवा बघूनच ते पलंगाखाली जाईल.

आता विंचरायचं कसं. वरून पाठीवर कंगवा फिरवला की केस मऊ, सुंदर दिसतात आणि काम झालं असं वाटतं. खरा गुंता कातडीलगत असतो. म्हणून एका हाताने केस वर उचलून धरा, खालून एक पातळ थर सोडा, तो मुळापासून टोकापर्यंत विंचरा, मग पुढचा थर. आधी विरळ दातांनी, नंतर दाट दातांनी. दाट दात कातडीपासून टोकापर्यंत कुठेही न अडता गेले की तो भाग झाला. रोज सगळं अंग करायची गरज नाही. आज मान आणि छाती, उद्या पोट, परवा मागची बाजू, असं वाटून घ्या. पण कानांमागे, काखेत, जांघेत, शेपटीच्या मुळाशी आणि पट्टा असेल तर पट्ट्याखाली रोज हात फिरवा. गाठ तिथेच सुरू होते.

विंचरून झाल्यावर ओल्या हाताने किंवा किंचित ओल्या सुती फडक्याने अंगावरून एकदा पुसून घ्या. हे बरेच जण करत नाहीत. विंचरणं संपलं की मांजर पहिलं काम करतं ते अंग चाटण्याचं, आणि कंगव्याने सुटे झालेले पण अंगावरच राहिलेले केस तेव्हा थेट पोटात जातात. फडक्यावर किती येतात ते एकदा पाहिलंत की ही सवय सुटणार नाही.

गाठ झालीच तर कात्री हातात घेऊ नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीच्या पात्यात नेमकी तीच येते. गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळा, गाठीच्या मुळाशी केस बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून सुरुवात करून कंगव्याच्या शेवटच्या दाताने थोडं थोडं उकला. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. गाठ कातडीला चिकटून घट्ट झाली असेल तर ग्रूमरकडे (प्राण्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे) किंवा डॉक्टरकडे मशीनने काढून घ्या. अंगभर गाठी झाल्या असतील तर डॉक्टर गुंगीचं औषध देऊन काढतात, आणि मांजराच्या दृष्टीने तेच कमी त्रासाचं असतं. आणखी एक: गाठी असताना अंघोळ घालू नका. पाणी लागून सुकल्यावर त्या आवळतात. आधी विंचरणं, मग अंघोळ, आणि नंतर कातडीपर्यंत पूर्ण कोरडं करणं.

पावसाळ्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मुंबईत, कोकणात, गोव्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की दाट केस आतून ओलसरच राहतात. गाठी लवकर होतात आणि बुरशीजन्य त्वचारोगही बळावतो. पर्शियनमध्ये तो जास्त आढळतो. गोल चट्टा, तुटके केस, कोंडा दिसला तर स्वतः मलम लावू नका. मांजर ते चाटून पोटात घालतं. हा रोग माणसांनाही होतो, घरात लहान मूल असेल तर तपासणीला उशीर नको. दिवस लहान-मोठा होण्यावर केस गळण्याचा हंगाम ठरतो, पण फ्लॅटमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे चालू असतात, त्यामुळे घरातली मांजरं वर्षभर थोडी थोडी गळत राहतात. अमुक महिन्यातच विंचरायचं असं काही नाही.

उन्हाळ्यात अंगावरचे केस पूर्ण काढून टाकायचे का, हा प्रश्न नेहमी येतो. म्हातारं, लठ्ठ, स्वतःच्या कमरेपर्यंत तोंड न पोचणारं मांजर असेल, किंवा गाठींनी बेजार झालेलं असेल तर जरूर काढा, त्याला सुटल्यासारखं वाटेल. पण विंचरायचा कंटाळा येतो म्हणून दर उन्हाळ्यात भादरणं मला पटत नाही. कातडी उघडी पडते, खिडकीतल्या उन्हात भाजते, आणि केस पूर्ववत व्हायला कित्येक महिने जातात.

पायरी ३: पाणी आणि खाणं

आतडी नीट चालली तर केस शीतून निघून जातो. त्यासाठी पाणी हवं. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. कोरड्या खाण्यात जेमतेम १० टक्के पाणी असतं, ओल्या खाण्यात ७५ ते ८०. नुसत्या कोरड्या दाण्यांवर वाढणारं मांजर तेवढं पाणी स्वतःहून पीत नाही, त्याची ती जातच नाही. म्हणून दिवसातलं किमान एक जेवण ओलं असू द्या: पाऊच, किंवा मीठ-मसाला-कांदा-लसूण काहीही न घातलेलं उकडलेलं चिकन त्याच्याच पाण्यासकट. मात्र नुसत्या चिकनवर मांजर ठेवता येत नाही, त्याला लागणारं टॉरिन, कॅल्शियम वगैरे त्यातून पुरेसं मिळत नाही; पूर्ण आहार म्हणून तयार खाणं हवंच.

पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवा, लिटरपासून लांब. पसरट वाटी बरी, विशेषतः चपट्या तोंडाच्या मांजरांना.

दूध-पोळी कुस्करून देणं बंद करा. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध हे ठरलेलं आहे, पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं, ओकारी होते, आणि दोष जातो हेअरबॉलला. मांजर मांसाहारी आहे; प्रथिनं कमी पडली तर केस रुक्ष होतात आणि जास्त गळतात.

हेअरबॉलसाठीचं खास खाणं बाजारात मिळतं, त्यात तंतू जास्त असतात. काही मांजरांना फरक पडतो. ब्राझीलमधल्या एका अभ्यासात (२०१४) उसाच्या तंतूचा चांगला परिणाम दिसला, साध्या सेल्युलोजचा तसा दिसला नाही. म्हणजे तंतू कोणता यालाही महत्त्व आहे. अर्थात उसाचं चिपाड मांजरापुढे टाकायचं नाही. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. एका वेळी भरपूर देण्यापेक्षा चार वेळा थोडं थोडं दिलेलं बरं.

पायरी ४: पेस्ट, इसबगोल, गवत

पेस्टमध्ये साधारणपणे माल्ट असतं किंवा पेट्रोलियम जेलीसारखा न पचणारा, निसरडा पदार्थ. केस पुढे सरकायला त्याने मदत व्हावी, असा हेतू. मात्र तिचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. केस जास्त गळत असताना काही दिवस द्यायला हरकत नाही. पाकिटावर लिहिलेल्या मापानेच, आणि दोन जेवणांच्या मध्ये, कारण पेट्रोलियमवाली पेस्ट रोज जेवणाबरोबर दिली तर काही जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत. बोटावर घेऊन चाटवा किंवा पुढच्या पंजावर लावा. आणि ती देताय म्हणून विंचरणं सोडू नका.

आता आपल्या घरगुती उपायांकडे. तूप, लोणी, खोबरेल, गोडेतेल: हे सगळं पचतं आणि शोषलं जातं, त्यामुळे केसापर्यंत निसरडेपणा पोचतच नाही. जुलाब मात्र होतात आणि वजन वाढतं. एरंडेल अजिबात नको. द्रवरूप पॅराफिन सिरिंजने तोंडात सोडणं तर धोक्याचं आहे. त्याला चव नसते, मांजराला ठसका लागत नाही आणि ते सरळ फुफ्फुसात जाऊ शकतं. त्याने होणारा न्यूमोनिया बरा करणं फार कठीण असतं. माणसांची आम्लपित्ताची, उलटीची, दुखण्याची कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

इसबगोल चालतं. साखर किंवा चव घातलेलं नको, साधा भुसा. चहाचा पाव चमचा, भरपूर पाण्यात फुगवून, ओल्या खाण्यात मिसळून. कोरडं कधीच देऊ नका, पाणी कमी पडलं तर उलट बद्धकोष्ठ होतं. मांजर दुसऱ्या कुठल्या औषधावर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. लाल भोपळा वाफवून, कुस्करून, चमचाभर देऊन पाहा. काही मांजरं आवडीने खातात, काही हुंगून निघून जातात.

गवतासाठी बाहेर शोधायला नको. स्वयंपाकघरातले गहू रात्रभर भिजवा, पसरट कुंडीत मातीवर किंवा कोकोपीटवर टाका, आठवड्याभरात बोटभर उंच होतात. पेरणीचं बियाणं वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. पावसाळ्यात मुळाशी पांढरी बुरशी दिसली तर कुंडी फेकून द्या. गवत खाल्लं की मांजर ओकतंच असं नाही, बहुतेकदा ओकत नाही. ती त्याची आवड आहे, पुरवावी. गवत घरात ठेवण्याचा खरा फायदा असा की मांजर दुसऱ्या झाडांना कमी तोंड लावतं. मनी प्लांट आणि डिफेनबेकियाने तोंडाची आग होते, सायकस यकृतावर घाला घालतं. पुष्पगुच्छात येणाऱ्या मोठ्या लिली तर घरात आणूच नका. पानच खावं लागतं असं नाही. लांब केसांवर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पायरी ५: जास्त का चाटतंय?

विंचरणं चोख आहे, खाणं चांगलं आहे, तरी केस ओकतंय. मग ते चाटतंय किती, ते बघा. पोटावर, मांड्यांच्या आतल्या बाजूला केस विरळ झालेत का? कमरेवर खरूज-खपल्या आहेत का?

पहिला संशय पिसवांवर घ्या. विंचरून निघालेली काळी कणी पांढऱ्या ओल्या कागदावर टाका. लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मांजर बाहेर जात नसलं तरी पिसवा आपल्या पायांबरोबर, घरातल्या कुत्र्याबरोबर येतात. औषध मांजरासाठीचंच घ्या. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, मांजराला ते विष आहे. झटके येतात, मृत्यू होतो. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावरही औषध सुकेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

पिसवा नसतील तर अन्नाची ॲलर्जी, त्वचेचा आजार, सांधेदुखी किंवा लघवीच्या पिशवीचं दुखणं (दुखऱ्या भागावर मांजर चाटत राहतं), किंवा ताण. नवं बाळ, घर बदलणं, दुसरं मांजर, दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटं राहणं. त्याला उंचावर बसायला जागा द्या, खिडकी द्या, संध्याकाळी पंधरा मिनिटं दोरीला पीस बांधून खेळवा. खेळ झाला की दोरी कपाटात ठेवा. दोरी गिळण्याबद्दल पुढे येतंच आहे.

पायरी ६: तारीख लिहून ठेवा

दिनदर्शिकेवर ओकारीच्या दिवशी खूण करा. केस होते तर ‘के’, अन्न होतं तर ‘अ’, नुसता फेस तर ‘फे’. मी नवीन पालकांना सांगते ती मर्यादा अशी: काही महिन्यांतून एकदा केसांची ओकारी आणि नंतर मांजर ठणठणीत, तर काळजी नको. महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा होत असेल, आधीपेक्षा वाढलं असेल, किंवा सोबत वजन उतरत असेल तर तपासणी हवी. आतड्याला जुनाट सूज असेल तर जठर-आतड्यांची हालचाल मंदावते आणि एरवी निघून जाणारे केस साठू लागतात. उतारवयातल्या मांजरांत आतड्याच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच दिसू शकते. वजनासाठी महिन्यातून एकदा मांजराला उचलून घेऊन काट्यावर उभे राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. लांब केसांत बरगड्या दिसत नाहीत, म्हणून डोळ्यांवर विसंबू नका.

ओकारी पुसताना दोन गोष्टी. आधी नीट बघा: रक्त, लांब शेवयांसारखे जंत, दोरा, प्लास्टिक. मग गार पाणी आणि साध्या साबणाने पुसा. फिनेल वापरू नका. मांजर त्यावरून चालतं, पंजे चाटतं, आणि फिनेलमधले पदार्थ त्याच्या यकृताला झेपत नाहीत.

हे दिसलं तर वाट बघू नका

पुन्हा पुन्हा ओकायचा प्रयत्न, पण काहीच बाहेर येत नाही. पाणीही टिकत नाही. पोट फुगलेलं किंवा हात लावू देत नाही. दोन दिवस शी नाही. कोपऱ्यात निपचित बसून आहे. चोवीस तास काही खाल्लेलं नाही. यात लठ्ठ मांजरांचं जास्त जपायला हवं, कारण उपाशी राहिलं की त्यांच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. केसांचा गोळा आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येणं दुर्मिळ आहे, पण ती येते.

बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन कुंथत असेल तर ते बद्धकोष्ठच आहे असं समजू नका. लघवी अडकलेली असू शकते, आणि त्यात तास मोजून धावावं लागतं.

आणि दोरा. गजऱ्याचा, राखीचा, शिवणाचा, पतंगाचा मांजा, सजावटीची चमकी. जिभेचे तेच मागे वळलेले काटे दोरा आत ओढत नेतात. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ओढू नका, कापूही नका. आत तो आतड्याला कापत जाऊ शकतो. तसंच उचलून दवाखान्यात न्या.

दवाखान्यात जाताना दिनदर्शिकेचा फोटो, व्हिडिओ, चालू खाण्याचं पाकीट आणि पेस्टची ट्यूब सोबत घ्या. शेवटची ओकारी डबीत घालून नेली तर उत्तम. साध्या एक्स-रेमध्ये केसांचा गोळा नीट ओळखता येईलच असं नाही, म्हणून डॉक्टर सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगू शकतात. खर्च वाढवताहेत असं समजू नका. सोनोग्राफीची शक्यता असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते फोनवर आधी विचारा, मनाने उपाशी ठेवू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल किंवा जवळ नसेल तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, रिक्षा-टॅक्सीवाल्याला ‘बैल-घोडा हॉस्पिटल’ सांगितलं की कळतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं, तरी तातडीच्या वेळी सलाइन आणि प्राथमिक उपचार तिथेही मिळू शकतात. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच शोधून त्याचा नंबर फोनमध्ये टाकून ठेवा.